नाव कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाचे संकेतस्थळ काढावयाचे ठरले आहे. त्याच्या नावाविषयी, म्हणजे डोमेनविषयी, दोन शब्द सांगते.

हे नाव जो प्रथम नोंदवील त्याला मिळते. तो त्याला लायक आहे की नाही, हे नोंदवताना कोणी पाहत नाही. कसारा लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तसेच हे! पण रुमालाने जागा हक्काची होते का?

हा प्रश्न १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. 'रेडिफ' हे मुंबईच्या एका कंपनीचे नाव लोकांच्या परिचयाचे होते. दुसऱ्या कोणी एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' नोंदवले. न्यायालयाने त्यास मनाई केली. डोमेन हा नुसता पत्ता नव्हे, त्यालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण हवे, असे ठरले. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असाच निवाडा दिला. थोडक्यात, नाव नोंदवणे निराळे आणि नाव कमावणे निराळे.

मात्र कोर्टाची पायरी चढायला आपल्यापाशी पैसा कोठला? म्हणून आपणच सावध असावे. कोणाच्या भाच्याने हौसेने ते स्वतःच्या नावावर घेऊ नये. मंडळाच्याच नावावर घ्यावे. शिवाय ते कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. मुदत संपूनही पैसे भरले नाहीत, तर कालांतराने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. ती तारीख चिटणीसबाईंनी वहीत लिहून ठेवावी.

पापड-कुरडया करून मिळवलेले नाव एका विसरलेल्या तारखेपायी जाऊ नये, एवढीच विनंती.