नादारी की परतफेड?



माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा महिनाभर शाळेत आला नाही. चौकशीस गेले तेव्हा कळले, की सावकाराचा माणूस रोज दारात ठाण मांडी, आणि "बाबा घरी नाहीत" हे सांगण्यासाठी मुलाला घरी ठेवीत असत. आमच्या मलाजखंडात १९८२ साली तांब्याची खाण सुरू झाली. गाव पगारावर जगू लागले. आणि जिथे पगार येतो तिथे उधारीही येते. मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "बाई, नादारी घेतली तर सुटेन का?"

प्रश्न लाजेचा नाही, हिशेबाचा आहे. २०१६ च्या नव्या संहितेतील सर्वसामान्य माणसाविषयीची कलमे बहुतांशी अमलात आलेली नाहीत. म्हणून आपल्याकडे १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागू पडतो. कर्ज पाचशे रुपयांवर असले, की ऋणकोला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. मात्र नादार ठरताच घर, शेत, सोने न्यायालयाच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे तेवढी वाचतात. मुक्ततेचा हुकूम मिळेपर्यंत पुढे हाती येणारी मिळकतही सुटत नाही. सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज तर मुक्ततेनंतरही उरते.

म्हणून आधी वही घ्यावी. कोणाचे किती, व्याज काय, हे पत्नीसमोर बसून लिहावे. सावकाराचे ५०,००० रुपये दरमहा शेकडा ५ ने घेतले, तर वर्षाचे व्याजच ३०,००० होते. तीच रक्कम पतपेढीकडून वार्षिक १२ टक्क्यांनी मिळाली, तर व्याज ६,००० च्या वर जात नाही. उरलेले २४,००० मुद्दलात जातात. एखादा दागिना मोडून जड व्याजाचे कर्ज आधी फेडणे, हेही शहाणपणच.

धनको ऐकत नसेल, तर लोकअदालतीत तडजोड करता येते. तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. हुकूमनाम्याखाली पगार जप्त झाला, तरी पहिले एक हजार रुपये व उरलेल्यातील दोन तृतीयांश हिस्सा सुरक्षित राहतो. आणि दारात ठाण मांडणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९३७ चा ऋणको-संरक्षणाचा कायदा आहे: ऋणकोचा पाठलाग करणे, त्याला धाक घालणे हा गुन्हा आहे.

एवढे करूनही मिळकत नुसत्या व्याजाला पुरेना, तर नादारीचा अर्ज संकोच न करता करावा. कायदा त्याच्यासाठीच आहे. परंतु ज्याला नियमित पगार आहे, त्याच्यासाठी ती अखेरची पायरी होय.

त्या गृहस्थांनी वही केली. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत, आणि पत्नीच्या हातांत आज काचेच्या बांगड्या आहेत. पण मुलगा पुन्हा वर्गात बसतो, आणि बापासाठी त्याला खोटे बोलावे लागत नाही.