मन्या म्हणजे पप्पा नाहीत: शुगर झालेल्या मांजराला काय खायला घालायचं?

आजचा भाग मांजरवाल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनीही ऐका, कारण शेजारच्या काकूंकडे नक्की असेल.

मी जालन्यातून बोलतेय. आमचा मन्या नऊ वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, दिवसभर कूलरसमोर लोळणारा, वजन सात किलो. सगळे म्हणायचे, काय गुटगुटीत आहे! मग मागच्या उन्हाळ्यात तो वाटीच्या वाटी पाणी प्यायला लागला. आम्हाला वाटलं, ऊन आहे, पीत असेल. लघवीची वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागायला लागली. खाणं भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. आणि चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकायचे. तेव्हा कुठे आम्ही त्याला छत्रपती संभाजीनगरला दाखवायला नेलं. रक्त आणि लघवी तपासून डॉक्टर म्हणाले, "याला डायबिटीस आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल."

घरी आल्यावर पप्पा एकदम निश्चिंत. का? कारण पप्पांना स्वतःला बारा वर्षांपासून शुगर आहे. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? माझं पथ्य तेच त्याचं. ज्वारीची भाकरी, दूध बिनसाखरेचं, मटण कमी."

इथेच आमची पहिली चूक झाली. मन्या म्हणजे पप्पा नाहीत.

माणूस भाकरी, भात, डाळ पचवून त्यातून ताकद घेतो. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. जेवणानंतर रक्तात साखरेचा लोंढा आला तर तो पटकन उचलायची यकृताची तयारीही कमी. कारण निसर्गात मांजराचं जेवण म्हणजे उंदीर, पाखरं, सरडे. त्यात प्रथिनं आणि चरबी असते, पिष्ट नावालाच. गंमत सांगू? मांजराला गोड चवच कळत नाही. गोड ओळखणारं जे जनुक असतं ते मांजरांमध्ये बिघडलेलं आहे, हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे मन्या गोड मागतच नव्हता. साखर त्याच्या पोटात वेगळ्याच वाटेने जात होती.

कोणत्या वाटेने? दूध-पोळी. दूध-भात. आणि आम्ही कौतुकाने आणायचो ते ड्राय फूडचे दाणे. ज्वारीची भाकरी पप्पांना गव्हाच्या पोळीपेक्षा बरी असेलही, पण मन्यासाठी दोन्ही पिष्टच. मटण कमी करणं तर अगदी उलटं झालं.

आता पाकीट कसं वाचायचं ते सांगते. फोनचा कॅल्क्युलेटर काढा.

पाकिटाच्या मागे प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर हे आकडे टक्क्यांत असतात. कार्बचा आकडा बहुतेक वेळा नसतो, तो आपणच काढायचा. या चार आकड्यांची बेरीज करा, त्यात अ‍ॅश म्हणजे खनिजांचा आकडा मिळवा. तो दिला नसेल तर ओल्या खाण्याला २ आणि कोरड्याला ८ धरा. ही बेरीज १०० मधून वजा करा. उरलं ते कार्ब.

समजा ड्राय फूड आहे. प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४, मॉइश्चर १०, अ‍ॅश ८. बेरीज ६२. म्हणजे कार्ब ३८. पण इथे थांबू नका, आपल्याला कॅलरीतला वाटा हवाय. प्रोटीन आणि कार्बला साडेतीनने गुणा, फॅटला साडेआठने. १०५, ८५ आणि १३३. एकूण ३२३ कॅलरी, त्यातल्या १३३ कार्बच्या. म्हणजे ४१ टक्के! शुगरच्या मांजरासाठी साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आत हवं.

आता ओलं खाणं. प्रोटीन ११, फॅट ५, फायबर १, मॉइश्चर ८०, अ‍ॅश २. कार्ब उरतं १. कॅलरीत पाहिलं तर ४ टक्के. मस्त.

पण सगळेच पाऊच असे नसतात. ग्रेव्हीवाला घ्या. प्रोटीन ८, फॅट ३, फायबर १, मॉइश्चर ८२, अ‍ॅश २. कार्ब फक्त ४, असं वाटतं. पण कॅलरीत ते २० टक्क्यांच्या वर जातं, कारण ग्रेव्ही दाट करायला पिष्ट घालतात. म्हणून ग्रेव्हीपेक्षा जेली किंवा पाते, म्हणजे मऊ वाटलेलं मांस, बहुतेक वेळा बरं पडतं. तरी गणित करूनच घ्या. पाकिटावरचे आकडे कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दिलेले असतात, त्यामुळे उत्तर अंदाजे येतं, पण दोन पाकिटांची तुलना करायला पुरतं. "ग्रेन फ्री" लिहिलंय म्हणून भुलू नका. धान्य नसेल, पण बटाटा आणि वाटाणा असतो. आणि "कम्प्लीट" हा शब्द शोधा. चाटायच्या क्रीमच्या कांड्या असतात ना, ते पूर्ण जेवण नसतं.

आता दुसरी चूक. ही माझी एकटीची, आणि खरं तर आजचा भाग त्यासाठीच करतेय.

हे गणित मला कळलं तो शनिवार होता. मी त्याच दिवशी दाणे बंद केले आणि सगळं ओलं खाणं सुरू केलं. इन्सुलिन मात्र आधीचंच. डॉक्टरांना फोन नाही, काही नाही. वाटलं, चांगलंच तर करतेय.

सोमवारी रात्री मन्या कूलरच्या मागे सापडला. हाक मारली तर बघेना. उचलून ठेवला तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊन पडला. मला वाटलं लकवा मारला. पप्पा मात्र एक नजर टाकून म्हणाले, "अगं, याची शुगर लो झालीय. मला होतं तसंच!" त्यांच्याच मशीनवर मन्याच्या कानातलं थेंबभर रक्त घेतलं. आकडा ४२. मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नाही हां, ठसका लागतो. आणि झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका. मग डॉक्टरांना फोन आणि तेवढ्या रात्री गाडी काढून साठेक किलोमीटर. वाचला.

काय झालं होतं? आधीचा इन्सुलिनचा डोस पिष्टाच्या जेवणाला जुळणारा होता. मी पिष्ट काढून घेतलं, डोस तसाच राहिला. कमी कार्बचं खाणं हे औषधासारखंच काम करतं. म्हणून इन्सुलिन चालू असताना खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, हळूहळू, आणि शुगर मोजत. पुढे आम्ही तसंच केलं. सात-आठ दिवसांत थोडं थोडं बदललं, आणि डोस डॉक्टरांनी कमी केला. माणसांचं मशीन मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवू शकतं, हेही तेव्हा कळलं. पण मांजर झोकांड्या खात असेल तर आकड्यावर वाद घालत बसू नका.

उलटी चूकही करू नका. "भूक लागली की खाईल" म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. एक दिवस जेवलं नाही तरी डॉक्टर गाठा. आणि जेवलं नसेल तर नेहमीचं इन्सुलिन टोचण्याआधी फोन करा.

आता घरातलं काय चालतं? आई विचारत होती, "आपलं चिकन उकडून घातलं तर?" चालतं. साधं, बिनमिठाचं, हाडं काढून. उकडलेलं अंडंही चालतं. पण रोज फक्त तेवढंच नको. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरत नाही. टॉरिनही उकडलेल्या पाण्यात उतरतं, आणि ते कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे खराब होतात. घरचंच द्यायचं असेल तर काय आणि किती मिसळायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

काय चालत नाही? आपला मटणाचा रस्सा. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. मसाला धुऊन काढलेला तुकडाही नको. शिजवलेली हाडं नकोत. खारवलेलं सुकट, बोंबील नको. आणि दूध, मांजराचं कितीही आवडतं असलं तरी, नको. त्यात साखर असते आणि मोठ्या मांजराला त्याने जुलाब होतात.

खर्चाचं बोलू. मन्याला दिवसाला तीन-चार पाऊच लागतात. आम्हाला महिन्याला चार-साडेचार हजार पडतात. सगळ्यांना परवडेल असं नाही. मग डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. अर्धं ओलं, अर्धं जास्त प्रोटीनचं कोरडं, असा मार्ग निघतो. किडनीचा त्रास असेल तर हिशोब पुन्हा वेगळा, तेही विचारा. आणि आपल्या उन्हात उघडलेला पाऊच ताटलीत तासाभराच्या वर ठेवू नका. थोडं थोडं वाढा, बाकीचं फ्रीजमध्ये.

आज मन्या साडेपाच किलोवर आलाय. टाच उचलून चालतो. डोस आधीच्या निम्म्यावर आहे. लवकर उपचार सुरू झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. मन्याचं सुटेल का, बघू. पप्पा रोज सकाळी आधी त्याची शुगर बघतात, मग स्वतःची. आणि मन्याची चांगली आली की जरा चिडतात.

तुमच्या घरच्या पाकिटाचे आकडे मला पाठवा, आपण गणित करू. पण डॉक्टरांना फोन आधी, मला नंतर. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!