कारण सापडलं नाही, तरीही
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात कीर्तन होतं, नाटक होतं, एखादं व्याख्यान होतं. यंदा कार्यवाहांनी मला सांगितलं, "तू तुझ्या प्रेशरबद्दल बोल." मी म्हटलं, मी डॉक्टर नव्हे. पाण्याच्या खात्यातला डिप्लोमावाला माणूस. पेडण्यात राहतो, डिचोलीत नोकरी करतो. ते म्हणाले, "म्हणूनच बोल. डॉक्टरांचं लोक ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात." म्हणून उभा आहे. मी सांगतो ते एका रोग्याचं बोलणं समजा. गोळी कुठली घ्यायची ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

सात वर्षांपूर्वी ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. माझं वय ३९. दरवर्षीप्रमाणे शर्टाची बाही वर करून बसलो. नर्सबाईंनी पट्टा बांधला, मोजलं, परत मोजलं. म्हणाल्या, "तुम्ही आज रक्त देऊ नका." आकडा होता १६८/१०८. मी हसलो. म्हटलं, यंत्र बिघडलंय. कारण मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. अंगाने मी सडपातळ. दारू नाही, विडी-सिगारेट नाही. रोज धारगळ, म्हापसा, अस्नोडा करत डिचोली गाठायची आणि संध्याकाळी परत, एवढाच काय तो त्रास. आठ दिवसांनी दुसरीकडे मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तिथेच.

मग सुरू झाला शोध. माझं काम पाण्याच्या दाबाचं. नळाच्या लाईनवर दाब वाढला तर त्याला कारण असतंच. कुठे वाल्व अर्धा बंद असतो, कुठे पाईप आतून गंजून अरुंद झालेला असतो, कुठे पंप गरजेपेक्षा मोठा बसवलेला असतो. खड्डा खणला की कारण हाताला लागतं. मला वाटलं, शरीरातही तसंच असणार. ईसीजी झाला, इको झाला. मूत्रपिंडाची सोनोग्राफी, लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉईड, साखर, डोळ्यांचा पडदा. गोमेकॉत दोन वेळा, खासगी डॉक्टरांकडे चार वेळा. फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल. आपल्याला वाटतं रिपोर्ट नॉर्मल आले की माणूस खूश होतो. मी चिडत होतो. सगळं नॉर्मल, तर मग दाब का?

एका डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "याला इसेन्शियल हायपरटेन्शन म्हणतात. शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव रोग्यांत एकच एक कारण सापडत नाही. गोळी चालू ठेवा." मला ते पटलं नाही. वाटलं, यांना कळत नाही म्हणून नाव देतायत. ज्या रोगाचं कारण माहीत नाही त्यावर जन्मभर गोळी कशाला, असं म्हणून मी गोळी बंद केली. चार महिने. आकडा बघणंही सोडलं.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. माझे धाकटे काका गावच्या आरतीत घुमट वाजवायचे. त्यांनाही प्रेशर होतं आणि तेही गोळी कधी घ्यायचे, कधी नाही. मी त्यांना काय सांगणार? मीच सोडली होती. उलट एकदा त्यांच्या अंगणात बसून मीच म्हटलं होतं, "काका, कारण नसताना गोळ्या खाऊन काय उपयोग?" दीड महिन्यानंतर एका पहाटे ते उठले तेव्हा उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. घरच्यांना वाटलं वात आला. तेल चोळलं, थोडं झोपू दिलं. दुपार झाली तेव्हा इस्पितळात पोचले. रक्ताची गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला नंतर कळलं. वय होतं ५२.

काका आज आहेत. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, बोलणं समजत नाही. चवथीला घरात आरती सुरू झाली, घुमट आणि शामेळ वाजू लागलं की ते डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरतात. ताल अजून एकदाही चुकलेला नाही. माझ्याकडे बघतात तेव्हा मी मान खाली घालतो. त्यांनी गोळी माझ्या बोलण्यामुळे सोडली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण ते वाक्य मी बोललो होतो.

त्या आठवड्यात आईने ग्रामदेवतेला कौल लावला. मला वाटलं, करणी-बाधा काही विचारते की काय. तिने विचारलं होतं, "पोराने डॉक्टरची गोळी चालू ठेवावी का?" पाकळी उजवीकडची पडली. आई म्हणाली, "पुता, देवानेही सांगितलं. आता तरी ऐक." मी परत डॉक्टरांकडे गेलो.

यावेळी गेलो ते जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी फाईल बाजूला ठेवली आणि एक साधा प्रश्न विचारला, जो आधी मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही आपणहून सांगितला नव्हता: "चिठ्ठीवर लिहिलेलं सोडून तुम्ही दुसरं काय काय पोटात घेता?" मी आठवू लागलो. गुडघा दुखतो म्हणून जवळजवळ रोज एक वेदनाशामक गोळी. सर्दी झाली की नाक मोकळं करणारी गोळी. आणि आरती-भजनाला आवाज नीट राहावा म्हणून वर्षानुवर्षं रोज ज्येष्ठमधाचा काढा. त्या म्हणाल्या, "या तिन्ही गोष्टी प्रेशर वाढवू शकतात." ज्येष्ठमध? मला खरं वाटेना. पण ते खरं आहे. ज्येष्ठमध रोज बऱ्याच प्रमाणात घेतला तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि दाब चढतो. चिमूटभर कधीतरी घेतल्याने काही होत नाही. माझं 'कधीतरी' रोजचं झालं होतं.

तिन्ही बंद केलं. आकडा थोडा उतरला, सगळा नाही. उरलेल्यासाठी गोळी लागलीच. आज तो १३०/८०च्या आसपास असतो. म्हणजे माझ्या शोधाला उत्तर मिळालं ते थोडंसं. बाकीचं अजून मिळालेलं नाही.

मग मी वाचू लागलो, विचारू लागलो. कारण शोधणं चुकीचं नव्हतं. शंभरात पाच-दहा जणांना खरंच कारण असतं: मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद होणं, त्याच्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त स्रवणं, थायरॉईड, झोपेत श्वास अडकणं. कमी वयात प्रेशर सुरू झालं, तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, पोटॅशियम कमी येतं किंवा माणूस मोठ्याने घोरतो आणि दिवसभर पेंगतो, तर डॉक्टरांना जरूर विचारावं. चूक होती ती ही की, उत्तर मिळेपर्यंत मी उपचार थांबवला.

आणि 'कारण नाही' याचा अर्थही मला उशिरा कळला. मोठ्या पाणीयोजनेत कधीकधी एक वाल्व दोषी नसतो. दहा ठिकाणी थोडं थोडं बिघडलेलं असतं. शरीरात हृदय हा पंप, धमन्या हे पाईप आणि किती पाणी-मीठ ठेवायचं हे मूत्रपिंड ठरवतं. आई-वडिलांकडून आलेला वारसा, मीठ, वाढतं वय, वजन, अपुरी झोप, बसून काम, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा. म्हणून एका जागी खड्डा खणून काही सापडत नाही.

उपचार नसले तर काय होतं ते जगाने पाहिलंय. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं प्रेशर ३००/१९० मोजलं गेलं होतं. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाकडेही त्या काळी चांगली गोळी नव्हती. चारच वर्षांनी, १९४९मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम इस्पितळातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा प्रेशरवरचा उपयोग ५० रोग्यांत तपासून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. त्याआधी १९३१मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्यावर लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रेशरच्या आधुनिक उपचारातलं एक मोठं पाऊल आपल्या मातीतल्या मुळीवरून पडलं. मात्र ऐकून कुणी सर्पगंधेची पूड आणू नका. तिच्याने मन खचतं, दाब एकदम खाली जातो. आज तिच्याहून चांगल्या गोळ्या आहेत. २०२२पासून आपल्या धारगळला आयुर्वेदाची मोठी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जायचं असेल तर खुशाल जा, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं सांगा.

आता मिठाबद्दल. पेडणेकरांसमोर मिठाविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच. आमच्या आगरवाड्याचं नावच मिठागरावरून. पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम झालं. बायकोने एक महिना हिशेब ठेवला. आमच्याकडे किलोच्या वर लागत होतं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण धरलंच नव्हतं. पावसाळ्याच्या बेगमीचं सुकं मासळ, सुंगटांची किसमूर, खारातली तोरं, पेजेबरोबर लोणच्याची फोड, सगळीकडे मीठच. गावठी मीठ, सैंधव, समुद्री, सगळ्यांत सोडियम आहेच. आम्ही काही बंद केलं नाही. सुकं मासळ आठवड्यातून एकदा आणि आधी पाण्यात भिजवून. पेजेत वरून मीठ नाही. महिनाभर जेवण अळणी लागलं, मग जीभ रुळली. एक सावधगिरी: बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही विशिष्ट प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

मोजायची पण रीत आहे. जिने चढून आल्याआल्या, गप्पा मारत, चहा पिऊन लगेच मोजलेला आकडा खरा नसतो. लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला, पट्टा दंडाच्या मापाचा. बोलायचं नाही. दोनदा मोजा आणि वहीत लिहा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजलं तर १३५/८५. काहींचं डॉक्टर बघूनच वाढतं, त्यांना घरची वहीच वाचवते.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहात तर आपला गोवा २६.४ टक्क्यांनी देशात पहिला. दोन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाची आणि हृदयाची वाट लागते. या मंडपात आज शंभर माणसं असतील तर तीसेक जणांना प्रेशर असणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नसेल, जसं मला नव्हतं.

शेवटचं सांगतो. माझी मुलगी बारावीला आहे. गेल्या महिन्यात माझी गोळी हातात देताना तिने विचारलं, "बाबा, मलाही होईल का?" मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "होऊ शकेल. पण तुला वेळेत कळेल." माझ्या वडिलांनी कधी मोजलं नाही, काकांनी मोजून सोडून दिलं, मी मोजून भांडलो. तिने फक्त मोजावं आणि ऐकावं, एवढीच माझी इच्छा.

मंडळाने यंदा आरतीच्या वेळी मंडपाच्या उजव्या बाजूला टेबल मांडलं आहे. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई तिथे बसल्या आहेत. प्रसाद घ्यायला रांग लावाल, त्याआधी पाच मिनिटं तिथे शांत बसा. काका पण आले आहेत, पहिल्या रांगेत आहेत. आज सगळ्यांत आधी त्यांचंच मोजलं. १२८/८०.

गणपती बाप्पा मोरया.