एक पत्ता, अनेक बिऱ्हाडें

१९४५ सालीं अमळनेर येथें वनस्पति तुपाचा एक कारखाना स्थापन झाला. पुढें हीच संस्था ‘विप्रो’ या नांवानें प्रसिद्धीस आली आणि १९८०च्या दशकांत संगणकही तयार करूं लागली. त्या दशकांतील लहान संगणकांची मोठी अडचण म्हणजे अपुरी स्मृति. एम्‌एस्‌-डॉस प्रणालीच्या यंत्रांत सामान्य आज्ञावलीच्या, म्हणजे प्रोग्रामच्या, वाट्यास फार तर ६४० किलोबाइट जागा येई. त्यांतीलही कांहीं भाग प्रणाली स्वतःच अडवी.

या अडचणीवरील एक जुनी युक्ति म्हणजे ‘ओव्हरले’. आज्ञावलीचे तुकडे करून ते तबकडीवर ठेवावयाचे आणि स्मृतींतील एकाच जागेंत, ज्याची पाळी असेल तोच आणावयाचा. हिशेबाचा तुकडा गेला कीं त्याच जागीं छपाईचा येतो. मुख्य भाग तेवढा कायम राहून ही ने-आण पाहतो.

जागेची सोय झाली, पण दोष शोधणाराची पंचाईत झाली. एरवीं यंत्र ज्या पत्त्यावर अडलें, त्यावरून आज्ञावलीची ओळ सांपडते. येथें त्या एका पत्त्यावर चार बिऱ्हाडें! अमळनेरचें तत्त्वज्ञान मंदिर ज्या वेदान्ताच्या अभ्यासासाठीं ओळखलें जातें, त्यांत दोरीवर सर्पाचा आरोप होतो त्यास अध्यास म्हणतात. तसाच येथें एका तुकड्याचा अपराध दुसऱ्यावर लादला जातो. मग निर्दोष तुकड्याची दुरुस्ती चालू राहते आणि खरा दोष तसाच राहतो.

शोधाचें साधनही कधीं घात करतें. आज्ञावली थांबविण्यासाठीं एखाद्या आज्ञेच्या जागीं खूण ठेवतात. तुकडा तबकडीवरून पुन्हां आला कीं ती खूण पुसली जाते. खूण काढतांना मूळची आज्ञा परत लिहावी लागते; मध्यंतरीं तेथें दुसरा तुकडा येऊन बसला असला, तर ही आज्ञा त्याच्या पोटांत शिरते. औषधानेंच रोग जडावा, तसा हा प्रकार.

याहून फसवे दोष दोन. एका तुकड्यानें त्याच जागेंत येणाऱ्या दुसऱ्यास काम सांगितलें, तर परततांना पहिला तेथें नसतो. त्यास आधीं परत आणलें नाहीं, तर यंत्र परक्या आज्ञांच्या मध्येंच शिरतें. तुकड्याच्या आंतच राखलेला आंकडाही तुकडा पुन्हां आला म्हणजे मूळपदावर जातो. केवळ आज्ञा वाचून हे दोष सहसा दिसत नाहींत.

यास उपाय एकच: कोणत्या क्षणीं कोणता तुकडा जागेवर होता याची नोंद. मुख्य भागानें तसा तक्ता राखावा आणि शोधणारानें प्रत्येक थांब्यास तो आधीं पाहावा. ‘जीडीबी’ या शोधसाधनांत असा तक्ता वाचण्याची सोय आहे. मोठ्या संगणकांतून ओव्हरले आतां मागें पडले. परंतु उपकरणांत बसविलेल्या, तुटपुंज्या स्मृतीच्या यंत्रांत त्यांचा उपयोग अद्यापि होतो. तेथें पत्त्याबरोबर वेळही विचारल्यावांचून कोणत्याही तुकड्यास दोषी ठरवितां येत नाहीं.