पोलाद मोजले, रांग मोजली नाही

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

नियोजन म्हटले की आपल्याला वाटते, हा अर्थतज्ज्ञांचा विषय. पण आधी काय बनवायचे आणि कोणासाठी, हे ठरवणे म्हणजेच नियोजन. सोव्हिएत संघात ते कसे ठरले, हे आज बाईच्या बाजूने पाहू.

१९२८ मध्ये तिथे पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पहिला मान पोलाद, कोळसा, वीज आणि यंत्रांना. कापड, भांडी, घरे मागे. यंत्रे घ्यायला धान्य परदेशी विकले गेले, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य काढून घेणे हे त्यामागचे मोठे कारण.

कारखान्यांना हात कमी पडू लागले, तेव्हा बायकांना दारे उघडली. १९२८ मध्ये पगारी नोकरांत त्या सुमारे एक चतुर्थांश होत्या, १९४० मध्ये सुमारे ३९ टक्के, आणि १९७० पर्यंत निम्म्याहून थोड्या अधिक. बाई डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, तिच्या हातात स्वतःचा पगार आला. हे आपण कमी लेखू नये.

पण अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांच्यासारख्या स्त्रियांचे म्हणणे होते की घरकामही समाजाने उचलावे: सार्वजनिक स्वयंपाकघरे, पाळणाघरे, धुलाईघरे. पाळणाघरे निघाली, तरी पैसा आधी भट्ट्यांकडे गेला. १९३० मध्ये पक्षाने आपला महिला विभागच बंद केला. स्त्रीप्रश्न सुटला म्हणे! १९२० मध्ये कायदेशीर झालेल्या गर्भपातावर १९३६ मध्ये बंदी आली, ती १९५५ मध्ये उठली. राज्याला माणसे हवी होती; बाईच्या कुशीचेही नियोजन झाले.

दिवसभर कारखाना, नंतर दुकानापुढची रांग, मग चूल आणि मुले. योजनेच्या तक्त्यात पोलादाचे टन होते. रांगेतल्या तासांसाठी रकानाच नव्हता.

पंचवार्षिक योजनेची कल्पना आपल्या देशाने तिथूनच घेतली. १९५१ मध्ये पहिली योजना आली. ‘स्त्रिया आणि विकास’ हे स्वतंत्र प्रकरण यायला मात्र १९८० ची सहावी योजना उजाडली. आता नियोजन आयोगही उरलेला नाही. पण निर्णय सरकार घेवो की बाजार, आपल्या वस्तीत कुठलीही योजना आली की पहिला प्रश्न आपण विचारायचा: यात बाईचे तास कुठे धरले आहेत?