तारीख नोंदवावी कशी? मंडळाच्या नोंदवहीपासून डेटाबेसपर्यंत
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या संगणक समितीने मांडलेल्या विषयाचा मजकूर)



मंडपात आरत्या आणि अथर्वशीर्ष चालू असताना डेटाबेसवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण गेली दोन वर्षे मंडळाची जुनी नोंदवही संगणकावर चढवताना आमचा सर्वाधिक वेळ ना नावांनी खाल्ला, ना पत्त्यांनी. तो खाल्ला तारखांनी. आणि तारखांचा हा घोळ आपल्या बिदर-कलबुर्गी भागात जितका आहे, तितका पुण्या-मुंबईत नसावा. म्हणून समितीने हाच विषय घेतला.

आपल्या घरांतले जुने कागद आठवा. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कुठलाही तालुका घ्या. १९४८ पूर्वीचा कागद निजामी अमलातला, म्हणजे साल फसली. महिने आजर, दै, बहमन, इस्फंदार असे. आकडे उर्दूत, कधी मोडीत किंवा बाळबोधीत. पुढे १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, आपण म्हैसूर राज्यात आलो आणि कागदांवर कन्नड आकडे आले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे तर ते तिथी सांगतात. एका माणसाच्या जन्माची नोंद अशी चार तोंडांनी बोलते, आणि संगणकाला मात्र एकच उत्तर हवे असते.

फसलीचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. निजामाच्या राज्यात फसली वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. फसलीत ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इंग्रजी सालात सुरू झाले ते साल मिळते. पुढच्या जानेवारीपासून ५९१ मिळवायचे. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हैदराबाद मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस याच वर्षाच्या शेवटी येतो.

आता कोणी भाबडेपणाने फसली १३५७ हे साल जसेच्या तसे तारखेच्या रकान्यात भरले तर काय होईल? मायएसक्यूएलचा 'डेट' प्रकार सन १००० पासूनच्या तारखा स्वीकारतो. तो हूं की चूं करणार नाही. आजोबा थेट गुलबर्ग्याच्या बहमनी दरबारात जाऊन बसतील, कारण १३५७ साली तिथे अल्लाउद्दीन हसन बहमनशहा गादीवर होता! यावर आम्ही हसलो खरे, पण मुद्दा गंभीर आहे. चुकीची तारीख संगणक नेहमीच नाकारत नाही. बहुतेकदा मुकाट्याने घेतो.

हे पटावे म्हणून हीच १७ सप्टेंबरची तारीख घेऊन काही प्रयोग दाखवतो.

अनेक हौशी प्रोग्रामर दुरुस्तीची आज्ञा तुकडे जोडून तयार करतात: 'अपडेट सभासद, जन्मतारीख बरोबर', आणि पुढे तारीख चिकटवायची. अवतरणचिन्हे राहिली की १९४८-०९-१७ ही तारीख उरत नाही, ती वजाबाकी होते. १९४८ वजा ९ वजा १७, उत्तर १९२२. एसक्यूलाइट हा आकडा निमूटपणे ठेवून घेतो. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस दिवस मोजतो ३० डिसेंबर १८९९ पासून, त्यामुळे १९२२ व्या दिवशी तिथे ५ एप्रिल १९०५ ही तारीख दिसते. जुन्या यादीत अचानक १९०५ सालातले सभासद दिसू लागले, तर आधी ही वजाबाकी आठवावी. तारीख तिरक्या रेघांनी लिहिली तर वजाबाकीऐवजी भागाकार होतो आणि ॲक्सेसमध्ये सगळे जण ३० डिसेंबर १८९९ लाच जन्मतात.

अवतरणचिन्हे घातली म्हणून सुटका होत नाही. ०७/०९/२०२४ म्हणजे आपल्याला ७ सप्टेंबर, त्या वर्षीची गणेश चतुर्थी. अमेरिकी पद्धतीने तेच ९ जुलै. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक निदान उघडी पडते, बारा किंवा कमी असेल तर पडत नाही. सालाचे दोनच आकडे लिहिले तर मायएसक्यूएल ७० ते ९९ यांना १९०० मध्ये आणि ०० ते ६९ यांना २००० मध्ये टाकतो, म्हणजे '४८' साली जन्मलेले आजोबा २०४८ मध्ये जन्मायचे आहेत.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. आज्ञेत तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि तारीख वेगळी, तारीख म्हणूनच सोपवायची. याला पॅरामीटर म्हणतात. अवतरणचिन्हांचा आणि तिरक्या रेघांचा प्रश्नच मग उरत नाही, शिवाय कोणी खोडसाळ माणूस नावाच्या रकान्यात आज्ञा घुसवू शकत नाही. जिथे तारीख अक्षरांत लिहावीच लागते, तिथे आधी साल, मग महिना, मग दिवस, हाच आंतरराष्ट्रीय क्रम. आणि रकाना 'डेट' प्रकारचाच ठेवा, मजकुराचा नको. मजकुराच्या रकान्यात ०२/१०/१९५० ही तारीख १७/०९/१९४८ च्या आधी येते. मग वयोवृद्धांच्या सत्काराची यादी कशी लागेल, सांगा!

आता सगळ्यांत फसवा प्रकार. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने तयार प्रोग्राम विकत घेतला होता. तिथे सभासदाचा फोन क्रमांक बदलून जतन केला की त्याची जन्मतारीख एक दिवस मागे सरकायची. पुन्हा काही बदलले की आणखी एक दिवस. वर्षभर कोणाच्या लक्षात आले नाही. घडत होते ते असे. प्रोग्राम जन्मतारखेला 'भारतातली मध्यरात्र' समजे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून १७ सप्टेंबरची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेत १६ सप्टेंबरची सायंकाळ, साडेसहा. त्यातला वेळेचा भाग कापला की उरतो १६ सप्टेंबर. तोच रकान्यात. आपल्यातली कितीतरी मुले न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत. ती तिथून जागतिक मध्यरात्र म्हणून साठवलेली तारीख उघडतात तेव्हाही आदला दिवस दिसतो, कारण तिथले घड्याळ मागे आहे.

आमचे मत स्पष्ट आहे: जन्मतारीख ही वेळ नव्हे. तिला घड्याळ नाही, देश नाही. ती 'डेट'मध्येच ठेवावी. मायएसक्यूएलच्या 'टाइमस्टॅम्प'मध्ये तर ती मुळीच ठेवू नये. त्याची धाव १९७० ते जानेवारी २०३८ एवढीच, म्हणजे आज समोरच्या रांगेत बसलेली अर्धी मंडळी त्यात मावणारच नाहीत. वर्गणी कधी जमा झाली, नोंद कोणी कधी बदलली, हे मात्र खरोखर क्षण आहेत. ते जागतिक वेळेत साठवावेत आणि दाखवताना भारतीय वेळेत दाखवावेत. जावास्क्रिप्ट वापरणाऱ्या तरुणांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: तिथे महिने शून्यापासून मोजतात, सप्टेंबर आठवा.

अपुऱ्या तारखांचे काय? आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेले असंख्य लोक आहेत. तो त्यांचा कागदोपत्री जन्मदिवस आहे आणि निवृत्तीही त्यावरूनच झाली. आम्ही ती तारीख बदलत नाही. कागदावर आहे ते एका रकान्यात, घरचे सांगतात ते दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात खूण: पूर्ण तारीख, फक्त महिना-साल, की फक्त साल. काहीच माहीत नसेल तर रकाना रिकामा, ज्याला 'नल' म्हणतात. तिथे शून्ये किंवा १ जानेवारी १९०० भरू नये. मूळ कागदावरची फसली तारीख आम्ही मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवली आहे. रूपांतरात उद्या चूक निघाली तर मागे जायला वाट हवी.

तिथीचेही तसेच. पुण्यतिथीची आठवण सभासदांना पाठवायची तर ३६५ दिवस मिळवून चालत नाही. गणेश चतुर्थीच पाहा ना: २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. त्यातही २०२३ साली कर्नाटकाच्या सुट्ट्यांच्या यादीत १८ सप्टेंबर होता आणि महाराष्ट्रात १९. सीमेवरच्या आपल्या घरांत कोणत्या दिवशी बसवायचा यावर झालेला खल सगळ्यांना आठवत असेल. म्हणून महिना, पक्ष आणि तिथी वेगळ्या रकान्यांत ठेवून त्या-त्या वर्षीची तारीख पंचांगातून भरतो. हे काम संगणकापेक्षा आमचे गुरुजी बरे करतात.

शेवटी दुरुस्तीची रीत. 'अपडेट'ला 'व्हेअर' जोडायचे राहिले तर एका सभासदाची जन्मतारीख सगळ्या मंडळाची होते. म्हणून आधी व्यवहार सुरू करायचा, आज्ञा चालवायची, किती ओळी बदलल्या ते पाहायचे. एक असेल तर कायम करायचे, जास्त असतील तर 'रोलबॅक'. शिवाय प्रत्येक दुरुस्तीची नोंद वेगळ्या तक्त्यात जाते: जुनी तारीख, नवी तारीख, कोणी, केव्हा, कोणत्या कागदावरून.

आधार कार्डावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरी आणि पहाणीच्या वारसनोंदीत तिसरीच तारीख असलेली माणसे वृद्धाप्य वेतनासाठी आणि ३७१ (जे)च्या दाखल्यासाठी किती खेटे घालतात, ते आपण रोज पाहतो. आपली नोंदवही हा कायदेशीर पुरावा नाही, तसे कोणी समजू नये. पण मूळ कागद कोणत्या पेटीत, कोणत्या नातेवाइकाकडे आहे, हे तिच्यातून कळते, आणि तेवढ्यानेही दोन कुटुंबांचे अडलेले काम पुढे सरकले आहे.

विसर्जनापर्यंत रोज सायंआरतीनंतर आम्ही मंडपाच्या उजव्या बाजूला टेबल टाकून बसणार आहोत. घरचे जुने कागद घेऊन या. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, फोटो काढून लगेच परत देऊ. उर्दू आणि मोडी वाचणारे दोन ज्येष्ठ सभासद सोबत असतील. त्यांच्यासाठी चहा मात्र आपण आणावा.