'चौघीजणी' आणि आईचा राग

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण)



मुलींच्या हाती द्यावं असं एक पुस्तक प्रत्येकीने निवडायचं, असं या शिबिरासाठी ठरलं होतं. मी 'चौघीजणी' निवडलं. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' ही कादंबरी शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणली, ती ही. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी शाळेत असताना ती वाचली असेल. मला हे पुस्तक मनापासून आवडतं आणि तितकंच खटकतं. दोन्ही आज तुमच्यासमोर मांडते.

मेग, ज्यो, बेथ आणि एमी या मार्च कुटुंबातल्या चार बहिणी. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे आणि वडील आघाडीवर आहेत. एका मित्राला मदत करताना त्यांनी होतं नव्हतं ते घालवलेलं, म्हणून पैशाची ओढाताण. घर चालवते आई. थोरल्या दोघी पंधरा-सोळाव्या वर्षीच कामाला लागल्या आहेत. ज्यो माळ्यावर बसून लिहिते आणि लिखाणाचे पैसे मिळवते. वडील आजारी असल्याची तार येते, तेव्हा आपले लांबसडक केस २५ डॉलरला विकून ती आईच्या हातात पैसे ठेवते. आमच्या वस्तीतल्या वाचन गटात मुलींना ही ज्यो लगेच कळते. दहावीचा अभ्यास सांभाळून पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या मुलीला ती परकी वाटत नाही. १८६८ साली आलेल्या पुस्तकात मुलीच्या कमाईला आणि महत्त्वाकांक्षेला असा मान मिळावा, ही मोठीच गोष्ट आहे.

आता खटकतं ते. ज्यो नाटकाला सोबत नेत नाही म्हणून एमी तिची गोष्टींची वही जाळून टाकते. कित्येक वर्षांची मेहनत राख होते. ज्यो संतापते, बोलणं टाकते. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटून एमी पाण्यात पडते, जेमतेम वाचते, आणि अपराधी ठरते ज्यो. रात्री ती आईपाशी रडते. तेव्हा आई तिला सांगते की आपल्यालाही जवळजवळ रोज राग येतो आणि चाळीस वर्षं आपण तो आवरायला शिकतो आहोत. यात नवऱ्याची मदत कोणती? तिचा तोल जातोय असं दिसलं की तो ओठांवर बोट ठेवायचा.

हे वाचून झाल्यावर गटातली एक पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, तो बोट कशाला ठेवतो? तिला काय झालं ते का नाही विचारत?" मग तिने आपलं सांगितलं. भांडणात भावाने तिची विज्ञानाची वही फाडली होती आणि आईने तिलाच गप्प केलं होतं. ही आई आमच्या बचत गटात येते. पुढे तिनेच एकदा विषय काढला. म्हणाली, "मलाबी लई राग आलता. पण घरात वाद नको म्हून पोरीलाच गप केलं."

मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. सासरची माणसं सुनेबद्दल हमखास एक तक्रार आणतात, "ही फार चिडते." का चिडते, हे कोणी सांगत नाही. पुस्तकातल्या आईलाही कोणी विचारत नाही. घरचा पैसा गेला, चार मुलींचं तिने एकटीने निभावलं. यात चिडण्यासारखं काही असेल, अशी शंकासुद्धा लेखिका आपल्या मनात येऊ देत नाही. राग हा स्वभावातला दोष, आणि बाईने तो जन्मभर आवरायचा.

लेखिकेच्या घरची हकीकत पाहिली की हे आणखी बोचतं. वडील ब्रॉन्सन अल्कॉट विचारवंत, पण संसाराला पैसा नसे. आई ॲबिगेल हिने १८५०च्या सुमारास बॉस्टनमध्ये गरीब कुटुंबांमध्ये पगारी काम केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या पहिल्या पगारी समाजकार्यकर्त्यांत तिची गणना होते. म्हणजे आपल्याच पेशातली बाई! लुइसाने शिवणकाम, शिकवण्या, घरकाम, युद्धकाळात इस्पितळात शुश्रूषा, सगळं केलं. लग्न केलं नाही. १८७९ मध्ये काँकर्ड गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी ती पहिली बाई. ज्योनेही अविवाहित लेखिकाच राहावं, असं तिला वाटत होतं. पण मुलींची लग्नं कोणाशी होणार, असं विचारणारी वाचकांची पत्रं आली आणि १८६९ च्या दुसऱ्या भागात ज्योचं लग्न एका प्राध्यापकाशी लागलं. त्याआधी, सनसनाटी गोष्टींबद्दलची त्यांची नापसंती ऐकून ज्यो आपल्या तसल्या गोष्टी शेगडीत घालते. लुइसा स्वतः मात्र तसल्याच गोष्टी टोपणनावाने लिहून घराला हातभार लावत होती. हे १९४३ मध्ये उजेडात आलं. पहिली वही बहिणीने जाळली, तेव्हा ज्यो निदान संतापली तरी. दुसऱ्या वेळी तिने आपल्याच हाताने जाळलं आणि राग कोणालाच आला नाही.

मग हे पुस्तक मुलींना द्यावं का? माझं मत, जरूर द्यावं. मला लहानपणी मिळालेल्या पुस्तकांतल्या आया रडायच्या, सोसायच्या, उपाशी राहायच्या. आपल्याला राग येतो असं मुलीला सांगणारी आई मला इथेच प्रथम भेटली. लेखिकेने त्यावर झाकण ठेवलं, पण आत उकळतंय हे लपवलं नाही. ते झाकण मुलींनी उचलून पाहायचं, तर पुस्तक नुसतं हाती देऊन भागणार नाही. सोबत बसून वाचावं लागेल. त्या प्रकरणापाशी थांबून दोन प्रश्न विचारा. आईला राग कशाचा येत असेल? आणि तिने तो बोलून दाखवला असता तर घरात काय बदललं असतं? आमच्या गटात दुसऱ्या प्रश्नावर वेळ संपली तरी मुली उठायला तयार नव्हत्या. जमेल तिथे त्यांच्या आयांनाही बोलवा. या प्रश्नांची उत्तरं त्यांच्यापाशी आपल्यापेक्षा जास्त आहेत.